आवाज मोठा करून शिकवणारे

माझ्या थोरल्या बहिणीने टीव्हीवर स्वतःचा आवाज ओळखला नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

ताय दातिवऱ्याला असते. सुकी मासळी विकते आणि गावात कुठे हळद असली की गायला जाते. बोलावणं आलं नाही तर रागावते, आलं की आढेवेढे घेते आणि एकदा गायला बसली की उठत नाही. तिचा आवाज गोड वगैरे नाही. रुंद आहे, खरखरीत आहे, आणि ओळीच्या शेवटी डोक्यावरची टोपली जमिनीवर ठेवावी तसा ती तो खाली ठेवून देते. तिच्या दिराच्या मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ आला तेव्हा आम्ही सगळे तिच्या पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसलो होतो. हळदीचा भाग आला आणि कुठलीशी बाई विहिरीच्या तळातून गात असल्यासारखा आवाज सुरू झाला. खाली ढोल-ताशाचा धडधडाट, आणि त्यावर तो आवाज पट्टीने आखल्यासारखा सरळ. कुठे कंप नाही, कुठे श्वास नाही.

"ही कोन गाते गो?" तायने विचारलं.

"तूच."

"मी?" ती पुढे वाकून ऐकू लागली. "माज्या घशाला इस्त्री कोनी केली?"

सगळे हसले. मी हसले नाही. घरी आल्यावर मी त्या व्हिडिओवाल्याला फोन केला आणि माझ्या बहिणीच्या आवाजाचं हे काय केलंत असं विचारलं.

"मॅडम, रॉ आवाज आजकाल कोणी ऐकत नाही," तो म्हणाला. "मिक्सिंग करावंच लागतं."

"म्हणजे नेमकं काय केलंत?"

"प्रीसेट आहे आपल्याकडे. फीमेल फोक."

म्हणजे त्याने एक बटण दाबलं होतं. त्या बटणाच्या मागे काय आहे हे त्याला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावं असं वाटतही नव्हतं. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे असा माणूस आला तर त्याला मशीनला हात लावू देत नाहीत, बाटल्या धुवायला बसवतात. शाळेत असताना मी थोडी पेटी शिकले होते, सूर कळतो. मी ठरवलं, तायची गाणी मीच रेकॉर्ड करायची, आणि कशी करायची ते आधी नीट शिकायचं.

नीट शिकायचं, असं मी म्हटलं खरं. कुठे, ते मला माहीत नव्हतं.

माझा नवरा पालघरला, कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात कारकून आहे. त्याचा स्वभाव मदतीचा. मी माइक आणि तो लॅपटॉपला जोडायचा डबा मागवला हे कळल्यापासून तो मला ऑफिसातून व्हिडिओ पाठवू लागला. त्याने स्वतः त्यातला एकही पाहिला नव्हता. चित्रात माइक दिसला की पाठवायचा, एवढी त्याची कसोटी. त्या चित्रांत माइकशेजारी नेहमी एक माणूस असे. त्याचा जबडा उघडा, डोळे विस्फारलेले, आणि तो कशाकडे तरी बोट दाखवत असे. विंचू चावल्यासारखा चेहरा करून माणसं संगीत शिकवतात हे मला तेव्हाच कळलं.

मी ते पाहिले. मन लावून पाहिले, हे सांगताना आता लाज वाटते. हिंदीतला एक 'दोस्तों' म्हणून सुरू करायचा आणि मुद्द्यावर येईपर्यंत माझा कुकर होऊन जायचा. मराठीतला एक 'मित्रांनो, मित्रांनो' करायचा, जसं काही बायकांना कान नसतातच. सगळ्यांच्या मागे जांभळा दिवा. तो कशासाठी ते अजून कळलेलं नाही. एक म्हणाला, भिंतीला स्पंजचे त्रिकोण चिकटवा. दुसरा म्हणाला, स्पंज चिकटवणारे मूर्ख, मी सांगतो ते घ्या, दुवा खाली दिला आहे. सगळ्यांचा शेवट त्या खालच्या दुव्यात व्हायचा. आणि प्रत्येकाकडे एक गुपित होतं, जे व्यावसायिक लोक तुम्हाला कधीच सांगणार नाहीत आणि हा मात्र सकाळ-संध्याकाळ साऱ्या जगाला सांगत होता.

एकाने तर बाईच्या आवाजात कुठला भाग किती कापायचा याचे आकडे पाठ करून ठेवले होते. कुठलीही बाई असो. आधी आवाज ऐकला पाहिजे, असं त्याला वाटत नव्हतं. रोगी न पाहता मात्रा उगाळणारा वैदू बरा, तो निदान नाडीवर हात ठेवल्याचं नाटक तरी करतो. तरीही मी त्याची कृती माझ्या स्वतःच्या आवाजावर करून पाहिली. आमच्या बोईसरच्या फ्लॅटमध्ये, झोपायच्या खोलीत बसून एक जुना अभंग म्हटला आणि त्याचे आकडे लावले. मी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गात्येय असं ऐकू आलं. खाली टँकर मागे घेतानाचं पीं-पीं मात्र अगदी स्वच्छ आलं होतं, माझ्यापेक्षा सुरेल.

"तू चुकीचा व्हिडिओ पाहिला असशील," नवरा म्हणाला. "हा बघ, याला लाखो लोकांनी पाहिलंय."

मग त्यानेच कुठूनसं एक पत्रक आणलं. बोईसरमध्ये स्टेशनपासून जवळ, मोबाइलच्या दुकानावर, कुणीतरी रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचा क्लास काढला होता. माणूस समोर असेल, प्रश्न विचारता येतील, या आशेने मी फी भरली.

रविवारी गेले. खोलीत जांभळा दिवा होताच. शिकवणारा काळ्या टी-शर्टात, गॉगल डोक्यावर. मुंबईत मोठमोठ्या लोकांबरोबर काम केल्याचं तो सांगायचा, पण त्या लोकांची नावं त्याला करारामुळे घेता येत नव्हती. समोर आम्ही थोडेच होतो. कारखान्यांत काम करणारे, भोजपुरी गाणारे दोघे, एक शिक्षक जोडपं, हळदीला वाजवणाऱ्या बेंजो पार्टीतला एक कीबोर्डवाला, आणि मी. पहिला बराच वेळ तो संगीत म्हणजे साधना कशी यावर बोलला. मग म्हणाला, आता मिक्सिंगची ताकद दाखवतो.

एका बाईचं गाणं त्याने लावलं. "ये है बिफोर." थोडं ऐकवलं. मग बटण दाबलं. "और ये है आफ्टर."

खोली भरून गेली. शिक्षक बाईंनी "वा!" म्हटलं. भोजपुरीवाले मान डोलवू लागले. मलाही क्षणभर बरं वाटलं. मग माझं लक्ष पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्यांकडे गेलं. आवाज किती मोठा आहे ते त्या पट्ट्या दाखवतात. 'आधी'च्या वेळी त्या मध्यावर होत्या, 'नंतर'च्या वेळी टोकाला टेकल्या होत्या.

मी हात वर केला. "दुसऱ्याचा आवाज मोठा आहे. दोन्ही सारखे करून ऐकवाल का?"

"मॅडम, लाऊड नहीं हुआ है. ओपन हुआ है."

"मग पट्ट्या वर का गेल्या?"

तो हसला. असे विद्यार्थी येतात, असं ते हसू होतं. आमच्या लॅबमध्ये दोन नमुने ताडून पाहायचे तर बाकी सगळं सारखं ठेवतात. तीच बाटली, तेच तापमान, तोच उजेड. एक नमुना उन्हात आणि एक सावलीत धरून 'बघा, याचा रंग किती खुलला' असं कुणी म्हणालं तर आम्ही त्याच्याकडे पाहतही नाही. हे मी त्याला सांगितलं, इतक्या शब्दांत नाही, पण सांगितलं.

"कर ना रे भाऊ," मागून कीबोर्डवाला म्हणाला. "काय जातं तुजं?"

मग त्याला करावंच लागलं. त्याने 'नंतर'चा आवाज खाली आणला आणि दोन्ही पट्ट्या एका उंचीवर आल्या. मी म्हटलं, आता कुठलं लावताय ते सांगू नका. त्याने पडदा आमच्यापासून वळवला आणि दोन्ही ऐकवलं. कुठलं चांगलं वाटलं यावर हात वर करायला मीच सांगितलं. जवळजवळ सगळ्यांचे हात पहिल्याला गेले. शिक्षक बाईंनी तर दुसऱ्यात बाईला सर्दी झाल्यासारखी वाटते असंही सांगितलं.

त्याने पडदा परत वळवला नाही. वळवायची गरजही नव्हती, चेहऱ्यावर दिसत होतं. पहिलं म्हणजे 'आधी'चं होतं.

"मॅडम, ये केमिस्ट्री नहीं है," तो मला म्हणाला. "ये फीलिंग है."

"फीलिंगच आहे तर तिला आवाज का वाढवावा लागतो?"

भोजपुरीवाल्यांपैकी एक खुदकन हसला. मास्तरांनी चहाची सुट्टी जाहीर केली. चहा आलेला नव्हता. तो येईपर्यंत आम्ही जिन्यात उभे राहिलो, आणि परत आत गेलो तेव्हा त्याने पुढच्या, अधिक प्रगत कोर्सची माहिती सुरू केली. त्या आठवड्यात मला क्लासच्या ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं.

"तू तिथे जाऊन भांडलीस?" नवऱ्याने विचारलं.

"प्रश्न विचारला."

"तेच ते."

पण त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. त्याने मला कसोटी दिली, त्याच्या मनात नसताना. घरी येऊन मी नवऱ्याने पाठवलेले सगळे व्हिडिओ परत काढले. या वेळी त्यातलं 'आधी' आणि 'नंतर' तोडून लॅपटॉपवर घेतलं, दोन्हींचा आवाज सारखा केला आणि मग ऐकलं. एकामागून एक जादू उतरत गेली. कुठे काही फरकच उरला नाही. कुठे 'नंतर' सरळ वाईट होतं, किरकिरं, दमलेलं. लाखो लोकांनी ज्याला डोक्यावर घेतलं होतं त्याने आवाज वाढवण्यापलीकडे काहीही केलं नव्हतं. बाजारात वजनकाट्याला अंगठा लावणारी एखादी बाई सापडली तर ताय तिच्या सात पिढ्या उद्धरते. इथे अख्खा बाजार अंगठा लावून बसला होता आणि गिऱ्हाईक टाळ्या वाजवत होतं.

लोकांना फसवणाऱ्यांचा मला जितका राग आला नाही तितकी त्या टाळ्यांची किळस आली. खाली लिहिलेलं असायचं, सर, तुम्ही माझं आयुष्य बदललंत. कसलं आयुष्य? तुमचा स्पीकर मोठा केला त्याने.

तेव्हापासून माझे नियम साधे झाले. शिकवणारा दोन्ही आवाज सारखे करून ऐकवतो का, हे आधी पाहायचं. करत नसेल तर बंद. इथे काही करू नका, जसं आहे तसं छान आहे, असं तो कधी म्हणतो का? ज्याला प्रत्येक वेळी काहीतरी लावायचंच असतं तो शिकवणारा नसतो, दुकानदार असतो. आणि स्वतःचं चुकलेलं काम तो दाखवतो का? एवढ्यावर जवळजवळ सगळे गळाले. नवऱ्याला वाटलं मी अट्टाहास करत्येय.

"इतकं चाळल्यावर उरणार काय?" तो म्हणाला.

"भुसा तरी जाईल."

उरलं ते सगळं कंटाळवाणं होतं. पहिली गोष्ट म्हणजे लॅपटॉपवरच्या त्या प्रोग्रॅमचं माहितीपुस्तक. ते फुकट मिळतं, प्रोग्रॅमबरोबरच येतं, आणि कुणीही वाचत नाही. पानंच्या पानं, चित्रं कमी, इंग्रजी रुक्ष. पण 'अमुक बटण तमुक करतं' एवढं सरळ सांगून गप्प बसणारं काहीतरी मला बऱ्याच दिवसांनी वाचायला मिळालं होतं. नवरा म्हणाला, एवढं कोण वाचतं? मी म्हटलं, ज्याला मशीन चालवायचंय तो. आमच्या लॅबमध्येही नवीन येणारी मुलं मशीनचं पुस्तक शेजारी असताना मोबाइलवर व्हिडिओ शोधतात. त्यांचे निकाल आम्ही परत तपासतो.

दुसरं सापडलं ते परदेशातल्या कुठल्याशा कॉलेजच्या वर्गातलं चित्रण. कॅमेरा मागच्या बाकावर ठेवलेला, चित्र अंधुक, मुलं खोकतायत. पाहणारे अगदी थोडे. एक म्हातारा मास्तर पूर्ण तास एक माइक आणि खुर्चीवर बसून गाणारी एक मुलगी यांच्यावर घालवतो. माइक वीतभर सरकवतो, ऐकवतो. परत सरकवतो, ऐकवतो. ऐकवण्याआधी प्रत्येक वेळी दोन्ही आवाज सारखे करतो, न सांगता, दात घासावे तसं. काही विकत नाही. एकदा त्याने स्वतःचं जुनं काम ऐकवलं आणि ते का फसलं ते सांगितलं. त्याचं इंग्रजी मला एका दमात कळत नसे. मी थांबवून, मागे नेऊन ऐकायची. नवरा मागून डोकावला आणि म्हणाला, "याच्यात तर काही ग्राफिक्सच नाहीत." मला इतका आनंद झाला की मी ते चित्रण अख्खं उतरवून घेतलं.

त्या मास्तरानेच वर्गात सांगितलं की सरावासाठी लोक आपली गाणी सुटी करून ठेवतात. गायकाचा आवाज वेगळा, तबला-ढोल वेगळे, पेटी वेगळी, आणि ती कोणीही उतरवून घेऊन जुळवून पाहावीत. मी शोधली. कुठल्या देशातल्या कुणा पोरांचं गाणं होतं ते, मला त्याचा अर्थही कळत नव्हता. कारखान्याच्या सुट्टीच्या दुपारी मी ते जुळवत बसायची. बिघडवायची. त्यांनी स्वतः पुरं केलेलं गाणं शेजारी ठेवून, आवाज सारखा करून ऐकायची, आणि माझं भिकार आहे हे कळायचं. तोंडावर खरं सांगणारं असं दुसरं काही मला या सगळ्या प्रवासात भेटलं नाही. काही महिन्यांनी माझं तितकं भिकार वाटेना. चांगलं नव्हतं, पण निदान गाणाऱ्याचा श्वास ऐकू यायला लागला होता.

मग मी तायला बोईसरला बोलावलं.

झोपायच्या खोलीत खिडक्यांवर गोधड्या टांगल्या होत्या. साड्यांचं कपाट उघडं ठेवलं होतं, कपड्यांत आवाज जिरतो म्हणून. पंखा बंद. ताय दारातच थांबली.

"कोन गेलं काय गो?"

"नाय. आवाजासाठी केलंय."

"आवाज मारायला?"

तिला माइकसमोर उभं केलं, कानाला हेडफोन लावले. तिने ते लगेच काढून कॉटवर टाकले, स्वतःचाच आवाज कानात येतो म्हणून. गायली. सगळे सूर बरोबर, शब्द बरोबर, आणि गाणं मेलेलं. तिलाही कळलं. तिसऱ्या ओळीला ती आपणहून थांबली.

"मना ह्या पेटाऱ्यात गाता येत नाय," ती म्हणाली. "समोर झेलायला कोन हाय? मी फेकते, तं कोनी झेलाया नको?"

हळदीची गाणी एकटीने गायची नसतात. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी मी तिला एकटीला गोधड्यांत कोंडलं होतं, कारण सगळे व्हिडिओ तसंच सांगतात. एकेकाला वेगळं घ्या, मग नंतर जुळवा. मी उचलून धरायचा प्रयत्न केला. दुसऱ्या ओळीला ताय माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कारखान्यातच बरी." मग आम्ही चहा केला.

त्या म्हाताऱ्या मास्तराचं एक वाक्य मी तेव्हा परत काढून ऐकलं. गाणं जिथे होतं तिथे जा, खोलीत फिरा, कानाला जिथे बरं वाटेल तिथे माइक ठेवा. यात गुपित काही नव्हतं. म्हणूनच कुणी सांगत नसावं.

दातिवऱ्याला गेले. तायच्या मधल्या खोलीत चटया टाकल्या. एका कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग होता, तो हलवायला तिची जाऊ निघाली होती. मी म्हटलं, राहू दे, त्याच्यात आवाज जिरेल. ताय, जाऊ आणि शेजारच्या दोघी अशा चौघी बसल्या. पंखा बंद केल्यावर चौघींनी मला मनसोक्त शिव्या दिल्या. मग त्या गायला लागल्या आणि मी मान वाकडी करून, एक कान पुढे काढून खोलीभर फिरले.

"ही काय वास घेते?" जाऊ गाता गाता म्हणाली, आणि गाणं हसण्यात बुडालं.

तायच्या तोंडापाशी ठेवून पाहिलं तर बाकीच्या तिघी शेजारच्या घरातून गात असल्यासारख्या वाटत होत्या. मधोमध ठेवलं तर जाऊच सगळ्यांच्या वर. शेवटी उंबरठ्यापाशी, बसलेल्या माणसाच्या डोक्याहून थोडं वर, सगळ्या एकत्र आणि तरी वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. तायला जरा पुढे सरकवलं, जावेला मागे. जावेला ते आवडलं नाही. मी बटण दाबलं.

गाणं सुरेख झालं. मध्ये बाहेर एक कावळा ओरडला आणि शेजारणीला ठसका लागला. मी म्हटलं, आणखी एकदा घेऊ, खबरदारी म्हणून.

"एकदा नवरी न्हाली," ताय म्हणाली. "परत कशाला न्हाया घालायची?"

आणि ती दुसरंच गाणं गायली. त्यानंतर तिसरं. मी एकही परत मागितलं नाही.

बोईसरला येऊन मी ते लॅपटॉपवर घेतलं आणि शिकलेलं सगळं करायला बसले. थोडं इथे उचललं, थोडं तिथे कापलं. प्रत्येक बदल केल्यावर आवाज सारखा करून, केला तो बरा की नव्हता तो बरा, असं ताडून पाहत गेले. बहुतेक वेळा नव्हता तोच बरा होता. एकेक बदल काढत गेले. शेवटी उरलं ते एवढंच, की गाण्याखालून येणारी लांबच्या इंजिनाची घरघर थोडी कमी केली आणि गाण्याच्या आधी मी 'हं, गा' म्हटलं होतं ते कापलं. ठसका ठेवला. कावळाही ठेवला, तो सुरात होता.

नवऱ्याने ऐकलं. त्याला आवडलं, पण तो गोंधळला.

"यात मिक्सिंग कुठेय?"

"ऐकू येत नाही ना?"

"नाही."

"बरं झालं."

तायला ऐकवलं ते तिच्या ओट्यावर, मोबाइलवर. बाकीच्या तिघीही आल्या होत्या. ताय पदराचं टोक दातांत धरून ऐकत होती. पहिलं कडवं झालं.

"हां," ती म्हणाली. "ही मीच हाय."

मला वाटलं, झालं, याचसाठी होतं सगळं. मग ती मोबाइलकडे वाकून म्हणाली, "पन माजा आवाज एवडा वायट हाय?"

"आमी कदीच बोललो," जाऊ म्हणाली, आणि चौघी इतक्या हसल्या की उरलेलं गाणं कुणी ऐकलंच नाही.

ती गाणी आता गावात या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतात. कुणीतरी मला कळवलं की बेस कमी आहे. दुसऱ्या एकाने सांगितलं की आवाज बारीक आहे, मोठा करा. मी त्याला लिहिलं की मोबाइलच्या कडेला एक बटण असतं, ते दाबून मोठा होतो.

आमच्या लॅबमध्ये वाणगावहून येणारी एक सहकारी आहे. तिचे सासरे भजन गातात, त्यांचं वय झालंय, त्यांचा आवाज घरातच धरून ठेवायचा म्हणून तिने मला विचारलं, तुम्ही कुठून शिकलात? मला बरं वाटलं. मी तिला त्या म्हाताऱ्या मास्तराची चित्रणं दिली, माहितीपुस्तक दिलं, सुटी गाणी कुठे मिळतात ते दाखवलं आणि आवाज सारखा करून ऐकायचं म्हणजे काय ते डबा खाताना नीट समजावलं. तिने मान डोलावली, अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, मॅडम, हे सगळं खूप छान आहे, पण याचा एखादा दहा मिनिटांचा व्हिडिओ नाही का?

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिच्या सासऱ्यांसाठी माझा जीव तुटतो, म्हणून कदाचित मीच एखाद्या सुट्टीला माइक घेऊन वाणगावला जाईन. पण तिला शिकवणार नाही.

मागच्या खेपेला तायकडे गेले तेव्हा तिला विचारलं, ऐकतेस का गं कधी ती गाणी? ती बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी कशाला ऐकू? माजं मना पाठ हाय."